न चाखता

गणपती होऊन गेल्यानंतरच्या एका रविवारी नणंदेकडची मंडळी जेवायला होती. ताटं वाढून झाली होती, पहिला घाणा बाहेर गेला होता आणि मी दुसऱ्या घाण्याचे बोंबील तव्यावर सोडत होते. नणंदेची धाकटी पाण्याचा तांब्या भरून घ्यायला आत आली आणि ओट्याला टेकून उभीच राहिली. थोडा वेळ तव्याकडे बघत होती. मग म्हणाली, "मामी, तू तर मासे खात नाहीस. मग झालं की नाही ते तुला कळतं कसं?" मी "कळतं गं" म्हटलं आणि तिच्या हातात थाळी देऊन तिला बाहेर पाठवलं. तेल तापलेलं होतं, बाहेर माणसं खोळंबली होती, त्या घाईत एवढंच सुचलं. पण रात्री ओटा पुसताना, दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये उभ्या उभ्या, भाजी निवडताना तो प्रश्न परत परत येत राहिला. इतकी वर्षं मी या घरात मासे तळतेय. खाणाऱ्यांना ते आवडतात, पाहुणे मागून घेतात. आणि मी आजवर माशाचा एक कणसुद्धा जिभेवर ठेवलेला नाही. मग मला कळतं ते नेमकं कुठून?

माझं माहेर अकोला जिल्ह्यातलं. वडील माळकरी, त्यामुळे आमच्या घरात कधी अंडंसुद्धा आलं नाही. तळण म्हणजे सणाचं काम. पोळा, दिवाळी, नाहीतर भावकीत लग्न निघालं की मोठी कढई माळ्यावरून खाली यायची. त्या दिवशी आई सकाळपासून वेगळीच असायची. पदर कमरेला खोचलेला, केस घट्ट बांधलेले, आणि आम्हा पोरांना चुलीपासून लांब बसायची सक्त ताकीद. पहिला घाणा देवापुढे गेल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, तळायची तेव्हा वाड्याच्या दारापर्यंत वास जायचा आणि शेजारच्या काकू काही ना काही निमित्त काढून डोकावायच्या. अनारशांच्या दिवशी मात्र ती दार लोटून घ्यायची. अनारसा तेलात पडला आणि हसला, सगळी खसखस तेलभर करून विस्कटला, की तिचा चेहरा उतरायचा. कुणाची तरी नजर लागली म्हणायची. गूळ जास्त झाला की अनारसा हसतो हे तिलाही ठाऊक होतं, पण गूळ तिनं स्वतः मोजून घातलेला असायचा, त्यामुळे नजरेवर ढकलणं सोपं जात असावं. पुऱ्या लाटायला आणि तळायला मी तिथेच शिकले. तिथली एक सोय तेव्हा लक्षात आली नव्हती. वडीचं सारण, पुरीचं पीठ, भज्यांचं बेसन, सगळं आधी जिभेवर ठेवून बघता यायचं. मीठ कमी असलं तर घाला, तिखट कमी असलं तर घाला. कढईत जाण्याआधीच चवीचा निकाल लागलेला असायचा.

लग्न होऊन डोंबिवलीला आले ती मालवणी घरात. बुधवार, शुक्रवार, रविवार मासे, सोमवारी आणि गुरुवारी नाहीत, श्रावण पाळायचा, आणि श्रावण संपला की पहिल्या मासळीची वाट सणासारखी बघायची. लग्न ठरलं तेव्हाच सासूबाईंनी सांगून टाकलं होतं, "तिका खावचा नसात तर कोणी जबरदस्ती करूची नाय." आणि खरंच, आजतागायत कुणी केली नाही. पण ताट वेगळं असलं तरी स्वयंपाकघर एकच होतं. कच्च्या बोंबलाच्या वासानं सुरुवातीला पोटात ढवळायचं. मी खिडकीशी जाऊन उभी राहायची, ओढणी नाकाला लावायची, आणि सासूबाई काही न बोलता पंखा लावून द्यायच्या. तोच बोंबील मसाला लागून, तांदळाच्या पिठात घोळून तव्यावर पडला की मात्र वास पार बदलायचा. लसूण, हळद, तिखट आणि भाजत जाणारं पीठ. त्या वासानं मला सडकून भूक लागायची. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. जे खाणं आपल्याला चालत नाही त्याच्या वासानं तोंडाला पाणी सुटावं, याचं काय करायचं ते कळत नव्हतं. वडिलांची माळ डोळ्यापुढे यायची.

पुढे मुलीनं कॉलेजात शिकलेलं मला समजावलं. प्रथिनांतली अमिनो आम्लं आणि साखरेचा अंश यांना चांगली आच मिळाली, साधारण १४० अंशांच्या वर, की त्यांची एकमेकांशी प्रक्रिया होते आणि तो तांबूस रंग आणि खमंग वास तयार होतो. लुई-कामिय मायार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९१२ साली ती पहिल्यांदा मांडली, म्हणून तिला त्याचं नाव आहे. भाकरीचा पापुद्रा, भाजलेले शेंगदाणे, खरपूस थालीपीठ, तळलेला बोंबील, सगळ्यांत तीच. मला ते ऐकून फार बरं वाटलं. माझी भूक माशाची नव्हती, खरपूसपणाची होती, आणि तो माझ्या आईच्या तव्यावरही होता.

सासूबाईंना हे शास्त्र माहीत नव्हतं, पण त्यांनी उपाय आधीच करून ठेवला होता. मासे तळायच्या दिवशी त्या माझ्यासाठी काप करायच्या. वांग्याचे, सुरणाचे, कच्च्या केळ्याचे, आणि कधी गावाहून कुणी नीरफणस आणला तर त्याचे. बोंबलाला लावायचा तोच मसाला, तेच आगळ म्हणजे कोकमाचा आंबट रस, तेच तांदळाचं पीठ. फक्त तवा वेगळा आणि तेल आधीचं, माशाला न लागलेलं. काप आधी तळून माझ्या ताटलीत झाकून ठेवायचे, मग मासे. ही पाळी त्यांनी स्वतःच ठरवली होती आणि कधी मोडली नाही. सुरणाला आगळ जरा जास्त लावायचं, नाहीतर घसा खवखवतो, हे मला त्यांनीच सांगितलं. मी पहिल्यांदा कालथा हातात घेतला तो या कापांसाठी. वांग्याचं काप लवकर तेल पितं, सुरणाचं आतून शिजायला वेळ घेतं, केळ्याचं बाहेरून फसवतं. तिघांची आच वेगळी. आज वाटतं की सासूबाईंनी मला तळण शिकवलं ते अशा आडवाटेनं. मसाल्याची चव मला कापांमधून कळली. माशाचीच तेवढी राहिली, आणि ती कळण्याची गरज पडेल असं तेव्हा कुणालाच वाटलं नव्हतं.

मग त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं.

डॉक्टरांनी बजावलं होतं, काही दिवस चुलीपुढे उभं राहायचं नाही, वाफ नको, धूर नको, तेलाचे शिंतोडे तर अजिबात नकोत. सासरे गिरणीतून कधीच निवृत्त झालेले, खाण्यापिण्यात त्यांचं मागणं असं काही नसायचं, पण रविवारी ताटात तळलेली तुकडी नसली की ते मुकाट्यानं जेवून उठायचे आणि तो मुकाटपणाच घरभर व्हायचा. नवरा म्हणाला, बाहेरून मागवू. सासूबाई काळा चष्मा लावून बाहेरच्या खोलीत बसलेल्या होत्या, तिथूनच म्हणाल्या, "भायरसून कित्याक? ही करतली." मला त्यांनी विचारलंही नव्हतं. मी बाजारात गेले. कोळीण मावशींनी बोंबील डोकी, पर आणि पोट काढून, मधून चिरून, काटा काढून दिले. घरी आणून ताटात ओतले तेव्हा ते हातात धरवत नव्हते, इतके मऊ.

बोंबील म्हणजे बहुतेक पाणीच. दहा भागांतले जवळजवळ नऊ भाग. वसई, सातपाटी, वर्सोवा या बाजूला भरती-ओहोटीच्या ओढीत डोलजाळी लावून तो पकडतात आणि बराचसा उन्हात वाळवतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून बांबूच्या मांडवावर ओळीनं टांगलेले असतात. ओला तळायचा तर ते पाणी घरी काढावं लागतं. सासूबाईंनी बाहेरून सांगितलं त्याप्रमाणे मी त्यांना मीठ चोळलं, पोळपाटावर ओळीनं उघडे पसरले, वर दुसरा पाट ठेवला आणि त्यावर वरवंटा. पोळपाट सिंकच्या बाजूला जरा कलता ठेवला होता. थोड्या वेळानं पाटाच्या कडेनं पाण्याची बारीक धार लागली. ती बघताना मला पहिल्यांदा त्या माशाबद्दल किळसेऐवजी कुतूहल वाटलं. तासाभरानं पाट उचलला तर बोंबील चपटे, घट्टसर, हातात नीट धरता येतील असे झाले होते. मग आगळ, हळद, आलं-लसणाचं वाटण, मालवणी मसाला. मीठ आधीच लागलेलं, त्यामुळे परत घालायचं नाही. मग तांदळाचं पीठ, त्यात जेमतेम रवा. घोळवलेला बोंबील ताटात ठेवून द्यायचा नाही, पिठाला लगेच पाणी सुटतं. हातातून सरळ तव्यात.

सासूबाईंना दिसत नव्हतं. म्हणजे एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्याला काळी काच, आणि स्वयंपाकघर भिंतीपलीकडे. म्हणून त्या ऐकत होत्या. बिडाचा तवा तापला, तेल पसरलं, चिमूटभर पीठ टाकलं तर ते लगेच वर येऊन फसफसलं. पहिला बोंबील सोडला आणि चर्रर्र झालं. बाहेरून आवाज आला, "बरोबर. आता दुसरो. पण लगेच नुको, वायच थांब." चौथा सोडला तसा तव्याचा आवाज एकदम खाली बसला. "भरलंस काय तवो? एक कमी कर." मी चक्रावून दाराकडे बघितलं. त्यांनी बरोबर ओळखलं होतं. जास्त मासे एकदम पडले की तेलाची धग उतरते, माशातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडण्याऐवजी तिथेच रेंगाळतं आणि मासा तळला न जाता शिजायला लागतो. हे मला आज सांगता येतं. त्या दिवशी त्यांनी ते आवाजावरून सांगितलं होतं.

मग मी नको तेवढी घाई केली असती, कारण एक बोंबील खालून करपतोय असं वाटत होतं. कालथा त्याच्याखाली घालायला गेले तर तो तव्याला धरून बसला होता. ते कालथ्याचं खरवडणं बाहेर ऐकू गेलं. "हात लावू नुको तेका. तो आपणाहून सुटतलो." आणि सुटला. कच्चं मांस तापलेल्या लोखंडाला चिकटतं. त्याला आपला पापुद्रा धरू दिला की ते स्वतःच पकड सोडतं. आधी ओढलं तर पीठ तव्यावर आणि मासा हातात. "तेल बोलता, आयक," असं त्या अधूनमधून म्हणत होत्या, आणि मी ऐकायला लागले. सुरुवातीचा आवाज मोठा, ओबडधोबड, पावसाच्या पहिल्या सरीसारखा. पाणी भराभर वाफ होतंय. मग तो दाट आणि एकसारखा होतो, बुडबुडे लहान होतात. मग हळूहळू बारीक होत जातो, मध्ये मध्ये तुटतो. कडा तांबूस दिसायला लागतात. त्या बारीक होण्याच्या आणि तुटण्याच्या मधली जी वेळ आहे ती उलथायची. तुटायला लागला की उशीर झालेला असतो. बाहेरून "परत" आलं तेव्हा माझा कालथा आधीच बोंबलाखाली गेला होता.

ताटात काढताना त्यांनी शेवटची सूचना दिली, एकावर एक रचू नको, ताटाच्या काठाला उभे टेकव. रचले की आपल्याच वाफेनं मऊ पडतात. शिवाय तेल मासा तव्यात असताना फारसं आत शिरत नाही, कारण आतून वाफ बाहेर ढकलत असते. बाहेर काढल्यावर तो निवायला लागतो, वाफ आकसते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून ते लगेच निथळायला हवं. काठाला टेकवलेल्या बोंबलांखाली तेलाचा लहानसा ओहोळ जमायचा, तो मी पुढच्या घाण्याला परत तव्यात सोडायची.

त्या रात्री सासऱ्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं. सासूबाईंनी एक बोंबील दोन बोटांत धरून मोडला. कटकन मोडला. त्यांनी तो आवाजही ऐकला असणार.

बोंबील त्यांनाही जन्मापासून येत नव्हता, हे मला नंतर कळलं. त्यांचं गाव मालवणच्या बाजूचं. तिथे बांगडा, तारली, पेडवे, सौंदाळे, मोरी. बोंबील मुख्यतः गुजरात आणि उत्तर कोकणच्या समुद्रातला, खाली रत्नागिरी ओलांडली की त्याचं प्रमाण फार कमी होतं. लग्न होऊन लालबागच्या चाळीत आल्या तेव्हा त्यांनी पहिल्यांदा ओल्या बोंबलाला हात लावला, आणि त्याचं हे मऊपण बघून त्यांनाही नको झालं होतं. मासळी घेऊन येणाऱ्या कोळणीनं त्यांना पाटाखाली दडपायला शिकवलं. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि लांबत गेला, तेव्हा पगार नव्हता. सुरमई-पापलेट बंद झालं, बोंबील आणि मांदेली तेवढी परवडायची. त्यापेक्षा तेलाचंच वांधं असायचं. त्या सांगायच्या की चमचाभर तेलात तवाभर मांदेली कुरकुरीत कशी करायची ते संपानं शिकवलं. मांदेली पसरून, आच मंद ठेवून, झाकण न ठेवता, तव्याला हातानं फिरवत राहायचं. आजही त्या माझ्या बाटलीतून तेल पडताना बघतात तेव्हा त्यांचा हात नकळत पुढे येतो, पुरे म्हणायला.

तेलाच्या बाबतीत त्यांचे नियम कडक होते आणि ते मी सगळे घेतलेत. माशाचं तेल वेगळ्या बरणीत, गाळून, आणि परत वापरायचं ते माशालाच, तेही एकदा. काळपट झालं, दाट झालं, तव्यावर पडताच फेस धरायला लागलं किंवा नेहमीपेक्षा लवकर धुरायला लागलं की फेकायचं, काटकसर बाजूला ठेवून. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं १ जुलै २०१८पासून तळणाच्या तेलातल्या 'टोटल पोलर कंपाउंड्स'ना, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवून त्यात वाढत जाणाऱ्या खराब घटकांना, २५ टक्क्यांची मर्यादा घातली, त्यापुढे ते तेल वापरायला मनाई आहे. घरात ते मोजायचं यंत्र कुणाकडे नसतं. मला तरी या चार खुणांवर भरवसा ठेवावासा वाटतो, आणि रस्त्यावरच्या कढईतलं काळं तेल बघितलं की मुलांना मी हात धरून पुढे नेते.

आता त्या पोरीच्या प्रश्नाकडे येते. तिला वाटत असणार, आणि मलाही बरेच दिवस वाटायचं, की मी न चाखता करते म्हणजे काहीतरी अवघड करते. खाणारा माणूस चाखून करतो आणि मी अंदाजानं. पण विचार करता करता लक्षात आलं, कच्चा मासा चाखतं कोण? सासूबाईंनी जन्मभर मासे खाल्ले, तरी मसाला लावलेला कच्चा बोंबील त्यांनी कधी जिभेवर ठेवला नाही. कुणीच ठेवत नाही. कालवण उकळताना पळीतून तळहातावर घेऊन चव बघता येते, कमी-जास्त करता येतं. तळणात तसं नाही. मीठ लागतं ते मासा कच्चा असताना, आणि ते कळतं तो ताटात गेल्यावर, जेव्हा काही करता येण्यासारखं उरलेलं नसतं. म्हणजे मीठ घालण्याच्या त्या क्षणी सासूबाई आणि मी अगदी एकाच जागी उभ्या असतो. त्यांच्याकडे हाताचा अंदाज होता, माझ्याकडेही तोच आहे. बोटांच्या चिमटीत किती येतं, एवढ्या बोंबलांना किती चिमटी, दडपल्यावर पाण्याबरोबर किती वाहून जाईल. हे बोटांना कळतं. पिठाचा ओलावा तळव्याला कळतो, तेलाची धग चेहऱ्याला कळते, उलथायची वेळ कानाला. जिभेची पाळी येते तेव्हा मी ओट्याशी असते आणि जिभा बाहेर ताटांवर असतात.

त्याही मला ऐकू येतात. पहिला घाणा बाहेर गेला की बोलणं थांबतं. मग कुरकुर असा आवाज, मग "अजून आहेत का?" मीठ बरोबर असलं की लिंबाची फोड ताटात तशीच राहते, कमी असलं की मुलगा लिंबू मागतो, जास्त असलं की सासरे सोलकढीची वाटी दोनदा पुढे करायचे. कुणी तोंडानं काही म्हणत नाही, तरी निकाल आत पोचतो. पुढच्या घाण्याला अजून पीठ न लावलेले बोंबील असले तर त्यांच्यात दुरुस्ती करून घेते. माझं जेवण शेवटी होतं. याबद्दल माझ्या मनात दोन्ही आहे. आईला सणासुदीला कढईपाशी उभं राहून सगळ्यांनंतर गार पुरी खाताना बघितलंय, आणि ते मला कधी आवडलं नाही. तळणाचं जेवण कुणाला तरी चुलीपाशी बांधून ठेवतं आणि ते कुणीतरी बहुतेक वेळा बाईच असतं. आता नवरा शेवटचा घाणा करतो. मुलगा आणि मुलगी आळीपाळीनं उभे राहतात. मुलाला धीर नाही, तो कालथा फार लवकर घालतो, पण शिकेल. आणि तरी मला हेही माहीत आहे की तव्यापाशी उभं राहून बाहेरची ती शांतता ऐकण्यात जो आनंद आहे तो मला पानावर बसून मिळत नाही.

सगळंच मला जमतं असंही नाही. बांगडा मी आजही कापत नाही. बोंबील डोकं काढून येतो, सुरमईची तुकडी येते, पण बांगडा अख्खा येतो, डोळ्यांसकट, अंगावर निळसर-हिरवे पट्टे चमकत असलेला. त्याला बघितलं की हात थांबतो. तो नवरा साफ करतो, चिरा पाडतो, मग मी मसाला भरते. माहेरच्या एका लग्नात एका नातलग बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "तू हात कसा लावतेस गं त्याला?" मी उत्तर दिलं नाही. हात लावते कारण हात लावून ज्यांच्या ताटात जायचं ती माझी माणसं आहेत. आणि तरी तो डोळा मला दिसतो, त्याचं काहीतरी वाटतं, ते वाटणं जावं अशी माझी इच्छाही नाही. वडिलांच्या घरून मी तेवढं बरोबर आणलंय.

वडिलांना हे सगळं कसं सांगायचं याची मला बरीच धास्ती होती. ते शेतकरी, उन्हाळी भुईमूग घेतात, गावच्या घाण्यावरून तेल काढून आणतात आणि दरवर्षी एक डबा आमच्याकडे येतो. त्या तेलात काय तळलं जातं ते त्यांना माहीत होतं. तरी तेल येत राहिलं. एका वर्षी डबा घेऊन ते स्वतःच आले, आणि नेमके रविवारी. सासूबाईंनी सकाळीच जाहीर केलं, आज मासे नाहीत, इवाय आले आहेत. नवी कढई काढली, पुऱ्यांचं पीठ भिजवायला घेतलं. वडिलांनी ते ऐकलं आणि खुर्चीवरून उठून स्वयंपाकघराच्या दाराशी आले. "विहीनबाई, पोराईचं जेवन माह्यासाठी काहून बंद करता?" म्हणाले. सासूबाई ऐकेनात, वडील ऐकेनात. शेवटी दोन्ही झालं. आधी त्यांच्या कढईत पुऱ्या, मग वेगळ्या तव्यावर सुरणाचे काप, आणि सगळ्यात शेवटी, पानं वाढून झाल्यावर, बिडाच्या तव्यावर बोंबील. तिन्हीला तेल त्यांच्याच डब्यातलं.

जेवताना वडील आणि सासरे शेजारी बसले होते. एकाच्या पानात काप, एकाच्या पानात बोंबील, दोन्हीला रंग एकच. सासऱ्यांनी पावसाचं विचारलं, वडिलांनी गिरणीचं. मी पुढचा घाणा घेऊन बाहेर आले तेव्हा वडिलांनी मान वर केली. त्यांना काही म्हणायचं होतं हे चेहऱ्यावरून कळत होतं, आणि मी थाळी धरून उभी राहिले.

"तेलाले फेस येते का वं तव्यावर?"

"येतो थोडा, बाबा. डबा नवीन उघडला की."

"ओलावा रायला असन थोडा," ते म्हणाले. "पुढच्या खेपेले अजून चार दिवस निवळू देतो. वरचं वरचं तुमच्यासाठी काढून ठेवीन." आणि पानातलं उरलेलं काप उचलून ते परत सासऱ्यांशी बोलायला लागले.